सराव सत्ताविसावा

कुतायसीच्या बसस्थानकात एकतीस वर्षं
मी गाड्या सोडल्या. काचेमागे बसून.
समोर एक वही, एक भोंगा, गार झालेला चहा.
मग एका सोमवारी वहीच्या जागी पडदा आला
आणि माझ्या जागी कुणीच नाही.

आता मंगळवारी-शुक्रवारी वाचनालयाच्या तळघरात
बेका शिकवतो. त्याला अजून नीट मिशी फुटायची आहे.
पहिला सराव: पडद्यावर आपलं नाव उमटवा.
मी लिहिलं, त्सियाला. उमटलं.
साठीला टेकलेली बाई मी,
आणि कान लाल झाले,
पहिल्यांदा गिरवलं होतं तेव्हा झाले होते तसे.

दुसरा, दोन संख्यांची बेरीज.
हातचा धरावा लागत नाही, यंत्रच धरतं.
तिसऱ्याला घोडं अडलं. एक कंस उघडा राहिला होता.
पाऊण तास शोधला. सापडला तेव्हा वाटलं,
कुणाच्या तरी घराचं दार लावून आले.

"जर-तर" मात्र मला कुणी शिकवायला नको.
जर रिकोती घाटात बर्फ, तर सहाची गाडी रद्द.
जर गोचाने रात्री जास्त घेतली असेल,
तर मालखाझला झोपेतून उठवा.
नाहीतर...
हे "नाहीतर" लिहायचं मी आयुष्यातही बऱ्याचदा विसरले.

अकराव्यात तेच ते पुन्हा करायचं.
एक नंबरची गाडी: स्थानक, पांढरा पूल, बाजार, स्थानक.
थांबायची अट राहून गेली
आणि पडदा वाहत सुटला.
बेका धावत आला. म्हटलं, राहू दे रे जरा,
इतकी नेमाने ती गाडी कधीच धावली नव्हती.

सतरावा जमला नाही.
अठरावा सतराव्याशिवाय जमत नाही.
मुलगी बारीहून फोन करते,
दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या सांभाळते ती तिथे.
"आई, आता कशाला हे सगळं?"
म्हटलं, सतरावा अडलाय, नंतर बोलू.

सत्ताविसावा: पाच नावांची यादी करा.
मोजणी शून्यापासून.
मी चालक लिहिले,
झौरी, नोदारी, मालखाझ, गोचा, तेमुरी.
शून्यावर झौरी. बरोबरच आहे,
तो सगळ्यांच्या आधी यायचा,
अंधारात, मोजायला कुणी नसताना.

आता क्रमांक एकचं नाव काढून टाका.
यादी पुन्हा छापा.

एक म्हणजे नोदारी.
त्याला जाऊन दोन हिवाळे झाले.
नावं लिहिताना हे मनातही आलं नव्हतं.
कळ दाबली. वाटलं होतं, मध्ये एक जागा रिकामी दिसेल.
दिसली नाही.
मालखाझ एकवर आला, गोचा दोनवर,
सगळे एकेक पाऊल पुढे,
तिकिटाच्या रांगेत सरकतात तसे, मुकाट.

"अचूक," बेका म्हणाला. "पुढचा घ्या."
मी विचारलं, काढलेलं नाव जातं कुठे?
तो थांबला. डोकं खाजवलं.
"ठेवायचं असेल तर काढायच्या आधी जागा करावी लागते, काकू."

पुढचा घेतला नाही.
सगळं पुसून यादी पुन्हा लिहिली,
आणि काढायच्या आधी एक जास्तीची ओळ,
पुस्तकाने न मागितलेली:
एक जागा. तिचं नाव, सहाची गाडी.
तिच्यात नोदारी.

चालवून पाहिलं.
पडदा काही बोलला नाही.
चूक असती तर बोलला असता.