दम खा

भवानी पेठेत आमची कांडप गिरणी.
तेवीस उन्हाळे संकेश्वरी, ब्याडगी, लवंगी
डोळे मिटून, नुसत्या शिंकेवरून ओळखल्या.
पोटासाठी केलं सगळं.
पोट म्हणजे तेव्हा घरभाडं, पोराची फी,
दहा हॉर्सपॉवरच्या मोटरचा हप्ता.
आता पोट म्हणजे पोटच.
तेव्हा पोटासाठी छाती वापरली,
आता छातीसाठी पोट.

छातीचे डॉक्टर रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर.
जिना चढून गेलं की अर्धी तपासणी झालेलीच असते.
म्हणतात, फुंकर सुधारलीय, कलिंदाबाई.
जळजळ? ती आमच्या हद्दीत येत नाही.
पोटाचे डॉक्टर कर्वे रस्त्याला, त्यांच्याकडे मासे पाळलेत काचेत.
म्हणतात, गोळ्या छातीवाल्यांच्या,
मी बंद कशा करू?
दोन चौक्यांच्या मधोमध सापडलेल्या
बेवारस सायकलीसारखी मी
लक्ष्मी रोडला उभी.
रिक्षावाला विचारतो, कुठं?

पंप ओढला की चूळ भरायची.
विसरलं तर जिभेवर पांढरी साय धरते
आणि चहा खडूसारखा लागतो.
सकाळची बारकी गोळी उपाशीपोटी नको.
उपाशीपोटी घ्यायची ती वेगळी, तिच्या अर्धा तास आधी.
त्या अर्ध्या तासात मी भाकरी थापते
आणि घड्याळाकडे बघते
जशी वैशाखात गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची.

गोळीनं भूक लागते, राक्षसासारखी.
खाल्लं की जळतं,
जळलं की ढास,
ढास लागली की पंप,
पंपानं हात असा कापतो
की चूळ अंगावरच सांडते.
शेजारच्या रेहानाभाभी म्हणाल्या,
घरी बसणं मानवलं हो तुम्हाला, गाल बघा कसे वर आलेत.
हसले मी.
गोळीचे गाल. हसताना डोळे दिसेनात.

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा.
भाच्यानं आणल्या बिबवेवाडीच्या बांधकामावरून,
आंबट पाणी उतारानं खालीच राहावं म्हणून.
पाण्याचं माहीत नाही,
मी मात्र रात्रभर घसरत पायथ्याला येते.
गोधडी वर, मी खाली.

आणि तीनच्या सुमाराला ते घशाशी येतं.
आंबट, आंबटाच्या मागून तिखट,
जणू आत कुणी तेवीस वर्षांचं राहिलेलं दळण
पावतीशिवाय काढायला बसलंय.
मग श्वासाचं शटर अर्ध्यावर अडकतं.
आग वर आली म्हणून श्वास अडला,
की अडलेल्या श्वासानं ओढून घेतली आग?
दोघांनाही विचारलं.
दोघांनीही पेन खाली ठेवलं.

गिरणी आता भाचा बघतो.
मी दाराबाहेर वजनकाट्यापाशी, पदर नाकाला.
काल एक नवी सून आली, तीन किलो घेऊन,
पहिल्यांदाच मसाला करत होती.
मावशी, चाखून सांगा ना, जाळ किती झालाय.
चिमूटभर घेतलं बोटावर.
जिभेपर्यंत नेलंही.
मग विटा आठवल्या.
बोट परत पिशवीत झटकलं, लांबूनच वास घेतला.
मध्यम आहे, म्हटलं, धने थोडे कमी पडलेत.
एवढ्यानंही छाती वाजायला लागली, बासरीत मुंगी शिरल्यासारखी.
ती घाबरली. पाणी देऊ का, मावशी?
मी हातानंच सांगितलं,
दम खा, बाई.

दम खा.
रांगेतल्या प्रत्येकाला हेच सांगत आले जन्मभर,
पिशवी पुढं सारणाऱ्याला, घाई करणाऱ्याला.
तो पचतो का,
कुणी विचारलं नाही. मीही नाही.

साडेसहा झाले.
सातच्या आत जेवायचंय.