दहा मिनिटं, पाथरी आगार

सोमवारी अकरा वाजता आगारात बोलायचंय.
दहा मिनिटं दिलीत. त्यातली दोन
नमस्कार-चमत्कारात जाणार, धरून चालते.

वहीत त्रेचाळीस दिवसांच्या नोंदी:
सकाळची गाडी किती वाजता आली, आलीच नाही,
फाट्यावर किती पोरी उभ्या, किती माघारी.
एवढं सगळं कोण ऐकतंय?
पोस्टकार्डाएवढे कागद कापले,
एकावर एकच गोष्ट,
आणि घोंगडीवर मांडले पत्त्यांसारखे.

सुरुवात केली होती रस्ता कधी झाला इथून,
पूल कुणाच्या काळात, खडी कुठली...
तो कागद आता चुलीपाशी आहे.
आकडे आधी ठेवले तर साहेब मोबाईल बघतील.
पोरी आधी ठेवल्या तर म्हणतील,
बाई रडगाणं घेऊन आल्या.
मधोमध ठेवली दीक्षा वाव्हळे:
पेपर आठचा, गाडी आठ-वीसला.

शेवटच्या कागदावर मागण्या चार होत्या.
शेड, पास, दुपारची फेरी,
आणि रात्रीची गाडी गावात मुक्कामी ठेवा.
तीन खोडल्या.
खोडताना वाटलं, भरल्या गाडीतून
आपणच कुणाला तरी उतरवायलोय.

तालीम मैनोद्दीन चाचांपुढं.
मानवतच्या जिनिंगात तीस वर्षं काढली,
कान तिथंच सरकीत राहिले.
तुरी निवडत बसले होते. मी बोलले,
ते बघत राहिले.

संपल्यावर म्हणाले,
"तिसऱ्या कागदाला तू माझ्याकडं बघायचं सोडलंस.
तिथं तुझं तुलाच पटंना झालंय."
तिसऱ्यावर होतं: वाहतूक ही विकासाची नाडी आहे.
कुठून तरी उतरवलेलं.
फाडलं.
"आन् पेपराचं सांगताना मूठ उघडलीस ना,
तिथं थांब जरा.
लगेच दुसरी गाडी सोडू नको."

मी हातवारे करून विचारलं,
साहेब म्हणले, ड्रायव्हर-कंडक्टर झोपतील कुठं, तर?
चाचांनी सूप खाली ठेवलं,
ओसरीवरची बाज दाखवली,
मग घरात जाऊन दुसरी आणली.
त्याचाही एक कागद झाला.

मधलं सगळं बसलं, शेवट बसला,
पहिलं वाक्य तेवढं सापडेना.
'आदरणीय व्यासपीठ' लिहिलं.
तिथं व्यासपीठ नाही,
एक टेबल आहे, त्यावर काच,
काचेखाली जुनी वेळापत्रकं.

सोमवार. फाटा. गार वारा.
सतरा पोरी, गाडी नाही.
दीक्षा विचारते, "मॅडम, किती वाजले?"
रोज विचारते.
रोज सांगते मी, आणि वहीत टाकते.

आज आधी पर्समधून कोरा कागद काढला,
गुडघ्यावर ठेवून लिहिलं:
साहेब, किती वाजले?
हा सगळ्यात वर.

मग घड्याळ बघितलं,
आणि चव्वेचाळिसावी ओळ टाकली.