आवाजाची दोन बटणं

ओसाकाजवळच्या कारखान्यात, तळमजल्यावर,
आम्ही तिघं रिमोट बनवायचो.
सहाव्यावर टीव्ही विभाग, आठव्यावर ध्वनी,
मधल्या सातव्यावर फक्त बैठका.

टीव्हीचे कुरामोची म्हणाले, आवाज आमचा,
पडद्यातून येतो.
ध्वनीच्या नागात्सुकाबाई म्हणाल्या,
पडद्याला कधीपासून कंठ फुटला?
अकरा महिने.
चहा गार होत राहिला,
इतिवृत्तात मात्र दर वेळी एकमत.

शेवटी साचा आला: आवाजाची दोन बटणं,
शेजारी शेजारी, अबोला धरलेली.
मी विचारलं, माणसाला अंगठा एकच असतो ना?
दोन्ही मजल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जणू गिऱ्हाईक हा शब्द
मी भर बैठकीत शिवीसारखा उच्चारला.

हिमेजीला आई एक बटण दाबायची, काही व्हायचं नाही;
दुसरं दाबायची, खिडक्या थरथरायच्या.
'तुमच्या कंपनीत भांडणं आहेत का रे?'
तिनं फोनवर विचारलं.
मी म्हणालो, छे.

मग ध्वनी विभाग विकला गेला.
आठव्यावर आता स्पीकर काढलेल्या भिंती,
चौकोनी फिके डाग.
नागात्सुकाबाईंनी जाताना
त्यांचं बटण मागून नेलं, एकच, नमुन्यातलं.
नव्या साच्याला पैसे नव्हते.
डाव्या भोकात आम्ही बसवलं
कोरं रबर, ज्याच्याखाली तारच नाही.

आई अजून आधी तेच दाबते.
म्हणते, तिथं जरा
मऊ लागतं.