तेरा घरं

तलावपाळीच्या कठड्यावर रात्री साडेदहा,
वाद तोच: चौथ्या डावातला
सर्वांत भारी पाठलाग कुठला.

मी पोर्ट ऑफ स्पेनवाला. शहात्तर साल,
चारशे तीनचं ओझं, रेडिओची खरखर,
आणि मध्यरात्र उलटल्यावर अण्णांनी
चाळभर वाजवत नेलेल्या कड्या.

पुतण्या मिहीर हसतो.
"तुमचं शहात्तर साल, माझ्या शहात्तर धावा.
लीड्स. शेवटची जोडी.
त्यात दुसऱ्याची फक्त एक!"
ती एक मलाही आवडते, खोटं कशाला बोलू.
सतरा चेंडू, चष्मा पुसत पुसत.

टिपणीस गप्प.
सेंट्रल मैदानावर चाळीस वर्षं स्कोअर लिहिला,
अंगठ्याजवळ शिसपेन्सिलीचा घट्टा.
मग म्हणतात, "चेन्नई. नव्याण्णव."
"अहो, ते तर हरलो!"
"बारांनी. म्हणजे जिंकायला तेरा.
लोक बाराच म्हणतात."

त्या दिवशी टीव्हीसमोर वही घेऊन बसले होते,
कुणी सांगितलं नसताना.
शेवटच्या चार विकेटी चार धावांत,
इतक्या भरभर की टोक तुटलं.
पुढची तेरा घरं कोरी.
त्या पानाची बेरीज मारलेली नाही,
अजून नाही.

मिहीर काही बोलणार, तेवढ्यात
रिक्षांची रांग जराशी फुटते.
मी रस्त्यात पाऊल टाकतो,
आणि मागून टिपणिसांचा तळहात,
ताठ, उघडा:
नको. नाहीये. परत फीर.