ड्रूसिलाचं मागचं दार

पहिल्यांदा शब्द आला तो मासळीच्या कारखान्यावर.
चार खिळे, एक सरकारी कागद.
कॉड संपला, समुद्र बंद.
गॅनेट कोव्हच्या माणसांनी तो वाचला
आणि वळून समुद्राकडे पाहिलं:
तो तर नेहमीसारखाच, सताड उघडा.

दुसऱ्यांदा सेंट जॉन्सच्या इस्पितळात.
अँब्रोजच्या तळव्यात गळ घुसला होता.
डॉक्टरीणबाई दोरा ओढत म्हणाली, छान क्लोजर झालं,
नऊ टाके, आठवड्याभरात खपली धरेल.
धरली. थंडीत अजून ठणकतं,
पण जखम मिटली असं म्हणायला हरकत नाही.

मग शाळा. पोरं उरली होती तीन.
शेवटच्या दिवशी मास्तर पेनीनं फळ्यावर लिहिलं:
सम अधिक सम, सम. घरातल्या घरात. हा संच बंद.
विषम अधिक विषम, बघा, सम. बाहेर पडले.
हा संच बंद नाही.
धाकट्या व्हेरानं विचारलं,
मग विषमांनी जायचं कुठं?
कुलूप लागलं. फळा पुसायचा राहिला.

आणि त्या ऑक्टोबरात गारलँड.
नाव सापडली, उलटी, हिरवा रंग तसाच.
वल्हं सापडलं. एक हातमोजा.
गारलँड नाही.
अकरा महिन्यांनी पोलिसांचं पत्र: फाईल बंद.
त्यामागोमाग शहरातून एक बाई आली, मऊ आवाजाची.
कप दोन्ही हातांत धरून म्हणाली,
तुम्हाला क्लोजरची गरज आहे, ड्रूसिला.
ड्रूसिलानं तिला पावावर काकवी घालून दिली.
म्हणाली, दुकानातून आणलं असतं,
पण दुकानही बंद झालंय ना.

मी हे मराठीत लिहायला बसते
तेव्हा हाताशी शब्द ढीगभर.
डोळे मिटतात, भांडण मिटतं, हिशेब मिटतो,
छत्री मिटते, चाकू मिटतो,
एका क्रियापदात केवढी ही दाटी.
विहीर बुजते. पोथीची सांगता होते.
आणि दुकान बंद करतो म्हणायचं नाही,
वाढवतो म्हणायचं. अभद्र नको.
बांगडी फुटली तरी वाढली.
संपण्याच्या अंगावर वाढण्याचं पांघरूण
घालायची आमची जुनी रीत.
ते आखूड पडतं. पाय उघडे राहतात.

ड्रूसिलाकडे यातला एकही शब्द नाही.
तिच्याकडे दार आहे, मागचं, समुद्राच्या बाजूचं,
लाकूड फुगलेलं.
रात्री वारा सुटला की अँब्रोज उठतो,
कडी लावतो, परत येऊन पडतो.
थोड्या वेळानं ती उठते, कडी काढते,
फटीत दगड ठेवते,
मुठीएवढा, गारलँडनंच लहानपणी खिशातून आणलेला.
तो जागा असतो.
तो जागा आहे हे तिला ठाऊक असतं.
बावीस वर्षं झाली.
यावर दोघांत एकदाही बोलणं झालेलं नाही.

काल पहाटे बर्फ भुरभुरलं.
फटीतून स्वयंपाकघरात आली
एक लांबट पांढरी रेघ, पार टेबलाच्या पायापर्यंत.
ड्रूसिलानं झाडू घेतला. रेघ पाहिली.
झाडू परत कोपऱ्यात ठेवला,
आणि रेघेवर पाय पडू न देता, बाजूनं जाऊन,
चहाचं आधण ठेवलं.