माया

पहिल्यांदा आले तेव्हा तिघे होते.
एकाकडे टेप, एकाकडे कागद,
तिसऱ्याच्या हातात लाल रंगाचा डबा.
दाराशेजारी त्याने लिहिलं २.४०
आणि खाली बाण, आतल्या बाजूला.

मी ब्लाउज शिवते. मल्हारगंजात एकतीस वर्षं.
माप कळतं मला.
विचारलं, साहेब, माया किती ठेवलीत?
तो चौहान, पंचविशीतला पोरगा, हसला:
"कैसी माया, आंटी?"
सांगितलं त्याला,
शिवणीच्या आत बोटभर कापड जास्तीचं सोडतात,
बाई बाळंत होते, अंग सुटतं,
उसवून सैल करता यावं म्हणून.
म्हणाला, नक्शे में ऐसा कुछ नहीं होता.

घर माझं साडेपाच मीटर खोल.
वजाबाकी तुम्ही करा.

नोटिशीत होतं, स्वतः पाडलंत तर खर्च वाचेल.
मग गल्लीभर लोक आपापली घरं पाडू लागले.
हातिमभाईने दुकानातला घण दिला सगळ्यांना,
भाडं न घेता,
आणि शेवटी आपल्याच शटरवर घातला.
रेग्यांचा जिना अर्ध्यात सुटला.
सत्तरीत ते शिडीने चढतात,
भाजीची पिशवी दातात धरून.
माझी बाहेरची खोली गेली,
मशीन स्वयंपाकघरात आलं.
गॅस, देव, मशीन, मी.
गिऱ्हाईक आलं की कुणीतरी उठावं लागतं.
देव उठत नाहीत.

रस्ता झाला. चांगला झाला, खोटं कशाला बोलू.
कचऱ्याची पिवळी गाडी गाणं वाजवत दारात येते,
पूर्वी बादली घेऊन कोपऱ्यापर्यंत पळायचे.
सिग्नल माझ्या खिडकीसमोर.
नव्वद सेकंद लाल,
नव्वद सेकंद लोक माझ्या ओट्याकडे बघत असतात.
परवा एकजण हेल्मेटमधून ओरडला, "आंटी, दूध!"
खरंच उतू जात होतं.
मी वळेपर्यंत हिरवा झाला.

पण पलंग होता तिथे
आता रात्री एक पांढरी गाडी उभी असते.
ह्यांनी शेवटचे अकरा महिने काढले
ते नेमके तिच्या मागच्या चाकापाशी.
मी कुंडी ठेवली. सकाळी सरकवलेली.
विटा ठेवल्या. कुणीतरी नेल्या.
मग मोडकी खुर्ची, खांबाला दोरीने बांधून.

खुर्चीसाठी चौहान आला पुन्हा.
अतिक्रमण, म्हणाला.
आणि गाडी?
गाडी तो गाडी है, आंटी.
पावती लिहायला जागा नव्हती,
माझ्या मशीनवर वाकून लिहिली त्याने.
तेव्हा दिसलं, शर्टाची शिवण काखेत उसवलेली,
आत माया होती, चांगली अर्धा इंच,
कुठल्यातरी शिंप्याने त्याच्यासाठी राखलेली.
दोन मिनिटांचं काम.
मी बोलले नाही.
खुर्ची ट्रकमध्ये गेली, पाय वर करून.

आज रात्री मशीनचं स्टूल आणलंय बाहेर,
आणि वर मीच बसलेय.
मला कुठे बांधतील, कुठे नेतील, बघू.
पोह्यांची गाडी कधीच आवरली,
सिग्नल नुसता पिवळा उघडझाप करतोय.
गळ्यात टेप तसाच राहिलाय.

गाडी वळते कोपऱ्यावर,
दिवे अंगावर येतात, थांबतात.
हॉर्न नाही वाजवत.

मी पाय जरा आत घेते.
बोटभर.
त्याहून जास्त नाही.