साठावा भाग

आजाऱ्याला भेटायला जाणारा
त्याच्या दुखण्याचा साठावा भाग उचलून नेतो,
असं हजान सांगायचे.
मी नऊ वर्षांचा. लगेच विचारलं,
मग साठ जण गेले की माणूस उठून बसतो?
हजान हसले नाहीत. म्हणाले,
दुसरा जातो तो उरलेल्याचा साठावा नेतो,
तिसरा त्याच्याही उरलेल्याचा.
थोडं राहतंच.

हनोख दिघोडकर जेजेत पडलाय
हे मला भायखळ्याच्या बाजारात कोळणीकडून कळलं.
तुमच्यातला तो दुसरा म्हातारा,
खवले बघितल्याशिवाय मासा न घेणारा,
आठ दिवस दिसला नाही म्हणून सुनेला विचारलं, म्हणाली.

साठ जण आणायचे कुठून?
शनिवारी प्रार्थनेला दहा जमेनात,
नववा माणूस जिन्यात उभा राहून
दहाव्याला फोन लावतो.
बाकीचे अश्दोदला, लोदला.
तिथून मोबाइलवर हात जोडलेले पाठवतात.
त्याने कितवा भाग हलतो
हे हजानांना विचारायचं राहून गेलं.

आणि नियम आहेत.
सकाळी लवकर जाऊ नये, रोगी तेव्हा टवटवीत दिसतो,
आपण दुवा मागायला विसरतो.
दिवस कलताना जाऊ नये, तेव्हा तो इतका खचलेला असतो
की दुवेवरचा आपलाच भरवसा उडतो.
जेजेची वेळ चार ते सहा.
वैऱ्याने तर जाऊच नये,
आजाऱ्याला वाटतं, बघायला आला.

अकरा वर्षांपूर्वी, सिम्हात तोराच्या रात्री,
हेखल उघडायच्या मानाची बोली चालली होती.
हनोख म्हणाला पाचशे.
मी म्हणालो पाचशे एक.
त्याची आई जाऊन दोन महिने झाले होते,
तो मान त्याला तिच्या नावाने हवा होता.
मला ठाऊक होतं.

सुनेकडून निरोप धाडला, येऊ का?
उत्तर आलं, येताना टूथपेस्ट आण.

खाट मिळाली नव्हती. भिंतीलगत गादी,
त्यावर हनोख, अर्धा राहिलेला.
वॉर्डबॉयने मला स्टूल दिलं.
पण आजाऱ्यापेक्षा उंच बसायचं नसतं,
त्याच्या उशाशी देव उभा असतो म्हणतात,
त्याच्या डोक्यावरून आपण कसं बसणार?
म्हणून कळकट गुडघा मोडत मोडत
मी खाली फरशीवर बसलो.

हनोखने एक डोळा उघडला.
"जमिनीवर काय बसतोस? अजून मेलो नाही."

मग बराच वेळ दोघं सलाइनचे थेंब बघत राहिलो.
"ते पाचशे एक भरलेस का तरी?"
"अडीचशे भरले."
"वाटलंच."

दुवा मागताना बापाचं नाव चालत नाही.
आजारी माणूस आईचा.
मी टोपी नीट केली, म्हणालो,
हनोख बेन सिव्या,
आणि सिव्या म्हणताना माझा आवाज
कुठे तरी खाली गेला.
पुन्हा म्हणालो. मोठ्याने.
हनोख भिंतीकडे तोंड करून पडला होता,
कान मात्र माझ्याकडे.

पलीकडच्या गादीवर पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक ट्रकवाला
मघापासून ऐकत होता.
"चाचा, माझ्या आईचं नाव हमीदा," तो म्हणाला.
एकट्यासाठी मागू नये, सगळ्या आजाऱ्यांत मिसळून मागावं,
हेही नियमातच आहे.
त्याचंही घेतलं.
मग दारापर्यंतच्या गाद्यांवरून
एकेक आई येऊ लागली.
रखमा. फातिमा. दोनदा पार्वती.

सहाची घंटा झाली.
उठायला गेलो तर गुडघा धरला,
कमरेतून कळ निघाली थेट टाचेपर्यंत.
वॉर्डबॉयने एका बाजूने धरलं,
दुसऱ्या बाजूने कोणाच्या तरी मेव्हण्याने.
हनोख बघत होता.
"नेलास वाटतं," म्हणाला,
आणि उशाखालून टूथपेस्ट काढून परत दिली.
"ही गोड आहे. उद्या लवंगेची आण."